शेवट सांगू न देणारी घंटा

मी एक जुनी, टेबलावरची घंटा आहे. मित्रांनो, एखाद्या कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या काउंटरवर तुम्ही माझ्यासारखी पाहिली असेल. पालथ्या वाटीएवढा पितळी घुमट, त्यावर एक बटण आणि खाली लोखंडी बैठक. बटण दाबलं की आतला हातोडा घुमटाला लागतो आणि मी 'टिंग' म्हणते. एवढंच मला येतं. चांगल्या बातमीलाही टिंग आणि वाईट बातमीलाही टिंग. तेव्हा माझी गोष्ट वाचताना मी कुठे हसेन, कुठे रडेन याची वाट पाहू नका. ते माझ्या घडणीतच नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळी पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवून वरून दाब दिला की घुमट तयार होत असे. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बसायचा. तो एकेकीला दाबून कान द्यायचा आणि बसक्या आवाजाच्या घंटा बाजूला टाकायचा. मी पास झाले. त्याने मला कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि पुढची उचलली.

खोक्यातून मी निघाले ती टेलरमास्तरांच्या दुकानात. पुढे काउंटर होता आणि पडद्याआड कापड बेतायचं मोठं टेबल. मास्तर शिवायला बसले की त्यांना कुणी आल्या-गेल्याचा पत्ता लागत नसे, म्हणून मला आणलं होतं. वर्षानुवर्षं मी हेच काम केलं. गिऱ्हाईक यायचं, बटण दाबायचं, मास्तर गळ्यात टेप अडकवून बाहेर यायचे. "घंटा आल्यापासून दुकान दुकानासारखं वाटतं," असं मास्तरांची थोरली बहीण एकदा म्हणाली होती. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणायचं तर ते एवढंच.

या बहिणीला सगळे ताई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिने बत्तीस वर्षं काढली होती. दोघं दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत. मास्तरांचं लग्न जमलं नाही आणि ताईंनी स्वतःचं मनावर घेतलं नाही. लहानपणापासून दोघांचं एका गोष्टीवर कधी पटलं नाही, ती म्हणजे पुस्तकं. मास्तर ऐतिहासिक कादंबऱ्यांचे भोक्ते, तर ताई विज्ञानकादंबऱ्यांच्या. एकमेकांच्या पुस्तकांना नावं ठेवल्याशिवाय दोघांना जेवण जात नसे.

दुकान रविवारी बंद असे. दुपारी चार वाजता बेतायच्या टेबलाभोवती चार खुर्च्या लागायच्या. मास्तर आणि ताई, शाळेत गणित शिकवणारे सर आणि इस्पितळात नोकरी करणाऱ्या सिस्टर. सर मास्तरांच्या पक्षातले होते आणि सिस्टर ताईंच्या. एका रविवारी इतिहास, पुढच्या रविवारी विज्ञान, असा पायंडा पडला होता. चहा व्हायचा, बिस्किटं व्हायची आणि मग दोन तास नुसता वाद.

मी या बैठकीत आले ती सरांमुळे. सरांना एक खोड होती. कुठलीही कादंबरी असो, बोलण्याच्या भरात ते शेवट सांगून टाकत. गणितात उत्तर आधी कळलं तरी कुणाचं बिघडत नाही, तसंच त्यांना इथेही वाटत असावं. एकदा त्यांनी एका वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याच्या कादंबरीत फितूर कोण ते सहज सांगून टाकलं. सिस्टर ते जाडजूड पुस्तक दोन आठवडे पिशवीतून ड्युटीवर नेत होत्या आणि निम्म्यापर्यंतच आल्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं आणि संध्याकाळपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी ताईंनी मला काउंटरवरून उचलून आणलं आणि आपल्या उजव्या हाताशी ठेवलं. नियम झाला की शेवट सांगायचा नाही, आणि कुणी शेवटाच्या आसपास जरी फिरकलं तरी ताई घंटा वाजवणार. नोकरीत त्यांनी बत्तीस वर्षं लोकांच्या बोलण्यात मध्येच "तीन मिनिटं झाली" असं सांगितलं होतं. त्यांचा हात याबाबतीत जराही कचरत नसे.

मास्तरांनी हरकत घेतली. राजा लढाईत पडतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, मग इतिहासात लपवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, तो पडला हे ठाऊक आहे, पडताना त्याच्या मनात काय होतं ते पुस्तकात आहे. नियम इतिहासालाही लागू झाला. मास्तरांनी तोंड वाकडं केलं आणि चहा ओतला.

त्या टेबलावर मी पुष्कळ ऐकलं. ऐतिहासिक कादंबरीतला शिपाई खिशात हात घालून उभा राहिला की मास्तर पुस्तक आपटायचे. त्या काळी तसा खिसाच नव्हता म्हणे. ताई विचारायच्या की तुमच्या त्या पाचशे पानांत सगळे शूरच कसे, कुणाला साधं पडसंही होत नाही का? मास्तरही काही कमी नव्हते. ताईंच्या आवडत्या पुस्तकात अवकाशात लोक दोनशे वर्षं प्रवास करतात आणि एकाचंही बटण तुटत नाही, तर हे कपडे शिवतं कोण, असं ते विचारत. त्यांनी विज्ञानकादंबरी एकही वाचली नव्हती. पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचून ते भांडत.

हे दोनशे वर्षांच्या प्रवासाचं पुस्तक तीन भागांत येणार होतं. दोन भाग आले होते. एक अवाढव्य यान दूरच्या ग्रहाकडे निघालेलं असतं. निघालेले केव्हाच मेलेले, आता त्यांची पणतवंडं प्रवास करत आहेत. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर त्यांना त्या ग्रहावरून एका बाईचा आवाज ऐकू येतो. ती म्हणते, परत फिरा. आणि यानात परत फिरण्याइतकं इंधन नाही. पुस्तक तिथेच संपलं. तिसरा भाग पुढच्या वर्षी येणार होता. तो आवाज कुणाचा, यावर ताई आणि सिस्टर तीन रविवार बोलत होत्या. मास्तर कंटाळून बिस्किटं खात बसले.

मग ताईंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट सिस्टरच घेऊन आल्या. ताईंनी सरळ विचारलं आणि सिस्टरनी सरळ सांगितलं. दोन महिने, फार तर तीन.

ताईंनी रिपोर्टची घडी घातली आणि म्हणाल्या, "मरायचं ते मरेन. पण तो आवाज कुणाचा, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

तिसरा भाग यायला सहा महिने होते. हिशेब कुणालाही जमण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ताईंच्या कपाटातून दोन्ही भाग खाली आणले. बेतायच्या टेबलावर कापड बाजूला सारून ते वाचायला बसले. गिऱ्हाईक मला दाबून दाबून थकलं तरी ते "आलो, आलो" म्हणत आणि येत नसत. वाचून झाल्यावर त्यांनी बेतायचा खाकी कागद पसरला आणि त्यावर खडूने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एक पँट आखूड शिवली गेली. असे बारा दिवस गेले.

तोवर ताईंना मोठ्याने हाक मारणं जमेना, म्हणून मला वर त्यांच्या उशाशी नेलं. एका दुपारी मास्तर वर आले आणि कॉटशेजारच्या स्टुलावर बसले. म्हणाले की तिसरा भाग लवकर आला, ओळखीच्या पुस्तकवाल्याने आधी दिला आणि आपण वाचूनही काढला.

"कुठाय?" ताईंनी विचारलं.

"सरांनी नेला."

ताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "सांग."

"घंटा वाजवशील."

"नाही वाजवत."

आणि त्यांनी आपला तळवा माझ्या घुमटावर ठेवला. मित्रांनो, घंटेवर हात ठेवला की तिच्यात नाद उरत नाही. आत हातोडा हलला तरी टक्क होतं आणि विझतं. त्या दुपारी मी तशीच होते. जे ऐकलं ते कोरडं ऐकलं आणि आजही कोरडंच आठवतं.

मास्तरांनी गोष्ट सांगितली. यान निघाल्यानंतर शंभर वर्षांनी माणसांनी जास्त वेगाची यानं बांधली आणि ती आधी पोचली. त्या लोकांना तिथली हवा मानवली नाही. एकेक करून सगळे गेले आणि एक म्हातारी उरली. तीच रोज यंत्रासमोर बसून परत फिरा म्हणत होती. यान परत फिरू शकत नाही हे तिला कळलं, तेव्हा तिने बोलणं थांबवलं आणि उतरायच्या मैदानावर दिवे लावले. यान उतरलं, दार उघडलं, तेव्हा ती समोर उभी होती. "अंगात तिच्या करडा कोट होता," मास्तर म्हणाले, "आणि कोपरावर ठिगळ. बारीक टाक्यांचं, हाताने लावलेलं."

ताईंनी मिटलेले डोळे उघडले.

"या लेखकानं सातशे पानांत कुणाच्या अंगावर काय होतं ते एकदाही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांचे कान लाल झाले. ते खाली बघत गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिले.

"ठिगळ कुठल्या रंगाचं होतं?" ताईंनी विचारलं.

"निळ्या."

"बरं. पुढे सांग."

मास्तरांनी पुढे सांगितलं. म्हातारी उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारते, ते एकदा मोठ्याने म्हणते आणि मगच पुढच्याकडे वळते. सगळे उतरेपर्यंत ती बसत नाही. इथे गोष्ट संपली. ताईंनी तळवा उचलला. "चांगला आहे," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मला खाली न्यायला सांगितलं. सिस्टर आता रोज येतात, हाक मारायला लागत नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबतं, असं त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी सकाळी ताई गेल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी मास्तरांनी दहा वाजता दुकान उघडलं. पहिल्या गिऱ्हाइकाने मला दाबलं, मी टिंग म्हटलं, मास्तर बाहेर आले आणि त्यांनी माप घेतलं. लोक येऊन दोन शब्द बोलायचे. मास्तर "हो ना" म्हणायचे आणि सुई ओवायचे. रविवारची बैठक बंद पडली. त्यांनी एक ऐतिहासिक कादंबरी आणली होती, ती महिनाभर एकाच पानावर उघडी पडून होती. माझ्यावर धूळ बसली, बटण जड झालं. मला वाईट वाटलं असं मी सांगू शकत नाही. मास्तरांकडे पाहून त्यांनाही काही वाटतंय असं दिसत नव्हतं. ते जेवत होते, झोपत होते, बटणांची काजं करत होते.

तिसरा भाग आला तेव्हा सर आणि सिस्टर आपणहून रविवारी चार वाजता आले. दोघांनी पुस्तक वाचलं होतं. चौथी खुर्ची मांडावी की नाही यावर कुणी बोललं नाही, सरांनी ती मांडली. मास्तरांनी मला पडद्याआड आणून टेबलावर ठेवलं आणि चहा ओतला.

सर बोलू लागले. शेवट जवळ आला तसे ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा, सांगा," मास्तर म्हणाले. "आता काय."

सरांनी सांगितलं. तो आवाज त्या यानाचाच होता. पहिल्या पिढीतल्या एका बाईने घाबरून पाठवलेला संदेश ग्रहावर आपटून इतक्या वर्षांनी परत आला होता. तिथे कुणीच नव्हतं. मास्तरांनी मान हलवली आणि "बरं" म्हणाले. चार महिने ते प्रत्येक गोष्टीला बरंच म्हणत होते.

सिस्टरनी कप खाली ठेवला. "ताईंना तुमचा शेवट आवडला नव्हता," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वर पाहिलं.

सिस्टर सांगू लागल्या. गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेताना ताईंनी त्यांना ती सगळी सांगितली होती. वर म्हणाल्या होत्या, "फार गोड करून ठेवलाय. ती म्हातारी म्हणजे मीच, हे मला कळणार नाही असं त्याला वाटलं. पण दोन्ही भाग त्यानं अगदी नीट वाचलेत. कुठे एक धागा सुटलेला नाही."

"गोड?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी तो चढलेला ऐकला. "त्यात गोड काय आहे? सगळी वस्ती मरते, एकटी बाई उरते, हे गोड?"

ते उठून वर गेले आणि दुसरा भाग घेऊन आले. भराभर पानं उलटली. "हे बघा. इथे लिहिलंय, आवाज थकलेला होता. थकलेला. घाबरलेला नाही. मग ती पहिल्या पिढीतली घाबरलेली बाई आली कुठून? माझा शेवट या पानाला धरून आहे. लेखकाचाच नाही. तिला म्हणावं, हे पान वाच आणि मग मला—"

ते त्या उघड्या पानावर हात ठेवून उभे राहिले आणि रडले. सर खिडकीकडे बघत बसले. सिस्टरनी मास्तरांना खुर्चीवर बसवलं. बऱ्याच वेळाने डोळे पुसून मास्तर म्हणाले की लेखकाचा शेवट चुकलाच आहे, आणि पुढच्या रविवारी आपण ते सिद्ध करून दाखवू.

मित्रांनो, माझी निगा राखायला कोरडं फडकं आणि महिन्यातून तेलाचा एक थेंब पुरतो. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या आवडत्या पुस्तकाला नावं ठेवणारं कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला सांभाळा. त्याचं पुस्तक त्याच्याकडून मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. आणि वाचलंत की त्याच्यासमोर बसून विचारा, खरं सांग, तुला कसं वाटलं? 'चांगला आहे' एवढं ऐकून खाली निघून येऊ नका. मास्तर तसेच खाली आले होते. त्यांच्या हातात मी होते आणि जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. एकीवरूनही ते मागे फिरले नाहीत.