नमुन्याची तीन पानं

रबराचा चुरा केझायाच्या कोपरापाशी एवढा साठला होता, की जोरात फुंकर मारली असती तर शेजारणीच्या वहीवर जाऊन पडला असता — आणि वहीचं पान मात्र स्वच्छ. तीन ओळी. आजीच्या बागेतल्या ट्यूलिपच्या. लोर्ना तिच्या मागे उभी राहून त्या वाचत होती, म्हणजे वाचण्यासारखं त्यांत काही नव्हतंच, पण तीन ओळींपायी एवढं रबर झिजत नाही. इथे काहीतरी दुसरंच लिहिलं गेलं होतं, आणि मी जवळ येतेय असं दिसताच पुसलं गेलं होतं, लोर्नाच्या मनात आलं.

"छान आहे," लोर्ना म्हणाली.

"थँक्यू, मिस लोर्ना."

इतकं सभ्य उत्तर, की त्यावर बोलायला काही उरू नये. तेरा वर्षांची ही मुलगी मागच्या मेपर्यंत वाद घालायची. 'राखाडी' हा रंगच नाही, आळशी लोकांनी काढलेला शब्द आहे, म्हणून तिने अर्धा तास सगळ्यांना वेठीला धरलं होतं. लोर्नाला तेव्हा तिचा राग आला होता. आता तो अर्धा तास कुणी परत दिला तर... जाऊ दे.

गेली चौदा वर्षं दर गुरुवारी लोर्ना हेस चर्चच्या तळघरात हा वर्ग घेत होती. घरीच शिकणारी मुलं, आसपासच्या शेतांवरची, काही गावातली. सकाळी लेखन, दुपारी चित्रं, मधे कुणाच्या तरी आईने आणलेलं कोंबडीचं नि शेवयांचं भलंमोठं भांडं. पहिल्या दिवशी ती मुलांना एकच नियम सांगायची : इथे लिहिलेलं इथेच राहील, तुम्ही हो म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही. ज्या मुलांची आईच बाई, आईच मुख्याध्यापक, स्वयंपाकघर हाच वर्ग, त्यांना आईने न वाचलेलं एक तरी पान असायला हवं असं तिला मनापासून वाटायचं. वाटायचं... आणि तरी मी ते केलं.

बारा वाजता केझायाची आई फाइल घेऊन आली. ऱ्होंडा ब्रुबेकर बाई मोठी उत्साही. तिच्या हाताला कायम कसला ना कसला वास असायचा, आज बहुतेक रूबार्बच्या आंबट देठांचा.

"लोर्ना, अगं तेवढी तीन पानं काढून ठेव हं. सुरुवातीचं एक, मधलं एक, आत्ताचं एक. जूनमध्ये तपासणीच्या बाईंकडे जायचंय. आणि खरं सांग, ही इथे बोलते तरी का? घरी तर मूग गिळून बसलेली असते."

"बोलते की," लोर्ना खोटं बोलली.

"अक्षर मात्र काय सुधारलंय गं! तुझीच कृपा."

हे ऐकून लोर्नाला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

दर वर्षी घरच्या शिक्षणाची फाइल कुणा परवानाधारक बाईला दाखवावी लागे. वर्षभरात मूल पुढे सरकलं एवढं त्या बाईने लिहून दिलं की काम झालं. मागच्या वर्षी केझायाच्या फाइलमधलं तिसरं पान बसबद्दल होतं. शाळेच्या पिवळ्या बसबद्दल. रोज सकाळी सात वीसला ती बस स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जाते, म्हणून मी दलिया सावकाश खाते, असं त्यात होतं. डावीकडची मागून चौथी जागा मी माझी ठरवली आहे. तिथे बसणाऱ्या मुलीला हे ठाऊक नाही. ती केस विंचरत असते, आणि मी तिला मनातल्या मनात सांगते, सरक जरा... आणि सगळ्यांत शेवटी, 'मम्मीला हे कळलं तर तिला वाटेल तिचं काहीतरी चुकलं, आणि तिचं काहीच चुकलेलं नाही, मला फक्त जायचंय.'

तपासणीच्या बाईंनी ते ऱ्होंडाच्या समोर मोठ्याने वाचलं. कौतुकाने! ऱ्होंडा त्यांच्याकडे हसत राहिली, आणि नंतर गाडीत बसून रडली — मुलगी शेजारी. ओरडली नाही, काही नाही. पुढच्या गुरुवारी येऊन आनंदाने सांगत होती, जेवणाचं टेबल स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत हलवलं, तिकडे ऊन किती छान येतं म्हणून.

लोर्नाने तेव्हा केझायाला बाजूला घेऊन माफी मागितली होती. चुकून गेलं गं, पानं एकात एक मिसळली. "असू दे, मिस लोर्ना," केझाया म्हणाली होती. संपलं.

पण चुकून गेलं नव्हतं. पानं मिसळलीही नव्हती. चौदा वर्षांत त्या तळघरात लिहिलेलं ते सर्वांत चांगलं पान होतं, आणि ते कुणीतरी पाहावं, पाहून विचारावं, हिला शिकवतं कोण, एवढ्यासाठी मी ते निवडलं. आईचा विचार मनात आला नव्हता असंही नाही. आला होता. मी तो बाजूला सारला, आणि पान फाइलमध्ये सारलं. वर्षभर ही गोष्ट लोर्नाच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती. दर गुरुवारी वाटे, आज सांगू. दर गुरुवारी मुलगी ट्यूलिप लिही, बर्फ लिही, आणि लोर्ना 'छान' म्हणे.

दुपारी मुलं वर अंगणात सफरचंदाचं झाड काढायला गेली. केझाया ब्रश धुवायला मागे राहिली, तशी लोर्ना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "ते बसचं पान चुकून गेलं नव्हतं. मीच निवडलं होतं."

केझायाने ब्रश झटकला. "माहीत आहे."

"काय?"

"त्याच्यावर तारीख होती. तुमच्या अक्षरात, कोपऱ्यात. तुम्ही निवडलेल्यांवरच घालता ना."

नळ चालूच होता.

"मग बोलली का नाहीस? मी तोंडावर खोटं बोलले तुझ्या..."

"तुम्ही केवढ्या घाबरला होतात," ती म्हणाली, आणि ज्या समजुतीच्या सुरात ती आईला मागच्या खोलीतलं ऊन छान आहे म्हणत असेल, त्याच सुरात पुढे म्हणाली, "म्हटलं, जाऊ दे."

म्हणजे वर्षभर हीच मला सांभाळून घेत होती. घरी एकीला, गुरुवारी दुसरीला. तेराव्या वर्षी.

"पुन्हा लिहिशील का गं कधी? तसं?"

"लिहिते की." तिने ब्रश आकारानुसार डब्यात उभे केले. "तुम्हाला देत नाही, एवढंच." मग लोर्नाला ते फार लागेल असं तिला वाटलं असावं. "सॉरी हं, मिस लोर्ना."

"सॉरी नको म्हणूस! निदान मला तरी नको."

ती जिना चढून वर गेली. लोर्नाने नळ बंद केला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, खरोखरच झाला — मुलगी लिहितेय, कुठेतरी लिहितेय, संपलेलं नाही. पण त्या आनंदाच्या तळाशी लगेच तेच हुळहुळू लागलं : कुठे लिहिते? काय लिहिते? एखादं पान, एकच, मला दिसलं तर... हेच ते. मागच्या मे महिन्यात त्या पानाकडे हात पुढे झाला तो ह्याच हावेने, आणि ती अजून जागच्या जागी होती, आणि मी मात्र वर्षभर एका चुकलेल्या पानाचा पश्चात्ताप करत बसले होते. केझायाचं ते लिहिणं आपल्याला कधीही वाचायला मिळू नये, अशी इच्छा आपल्याला व्हायला हवी, असं लोर्नाला वाटलं. अजून तशी इच्छा तितकीशी होत नव्हती.