मास्तरांचं माप

मी टेप बोलतेय. टेलरमास्तरांच्या गळ्यात पडून माझा जन्म गेला. माझ्यावरचे आकडे पुसट झाले. लोकांची पोटं मात्र वाढतच राहिली. माप देताना माणूस हमखास श्वास आत ओढतो. मास्तर त्याला गप्पांत गुंतवत आणि तो हसला, पोट सुटलं, की आकडा घेत.

स्वतःला मात्र त्यांनी मला कधी लावलं नाही. म्हणायचे, स्वतःला फसवायला टेप कशाला हवी?

म्हणून त्यांची पँट सैल झाली तेव्हा त्यांनी ती नुसत्या अंदाजानं कमरेत आत घेतली. पुढं पुन्हा घेतली. गिऱ्हाइकं म्हणाली, मास्तर तरुण झाले. मेहुण्यानं तर डाएट विचारून घेतलं. डाएट कसलं! दोन घासांत पोट गच्च व्हायचं, जळजळ व्हायची. त्यावर गुलाबी औषधाचा घोट, की मशीन सुरू. काजं-बटणं करणारी त्यांची बायको डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागली, तर हातातलं काम संपू दे, हेच उत्तर. शौचाला काळं होऊ लागलं, ते कुणाला सांगितलंच नाही. शेवटी चक्कर येऊन मशीनवर कोसळले, तेव्हा काम संपलं.

इस्पितळात घशातून दुर्बीण घातली, तुकडा तपासला. जठराचा कॅन्सर. सवयीनं मी तिथंही त्यांच्या गळ्यातच होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लवकर सापडला तर जठराचा काही भाग किंवा सगळं जठर काढतात, बहुतेकदा जोडीला केमो देतात. जठराशिवायही माणूस थोडं थोडं खाऊन जगतो.

"मग माझंही कापा," मास्तर म्हणाले. "कापून जोडणं मला नवं नाही."

"तुमचा यकृतात पसरलाय. आता कापून उपयोग नाही. केमोनं काही काळ दबेल, त्रास कमी होईल. बरा होईल, असं मी म्हणणार नाही."

केमो सुरू आहे. परवा पँट कमरेवर ठरेना, तेव्हा बायकोनं मला त्यांच्याभोवती गुंडाळलं. पहिल्यांदाच. त्यांनी श्वास आत ओढला नाही. ओढायला काही उरलंच नव्हतं. तिनं आकडा पाहिला आणि त्याहून मोठा सांगितला.

मास्तरांची बोटं माझ्यावरून फिरली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "शिवणीत जास्तीचं कापड ठेव. पुढं उसवावं लागेल."

हल्ली मी खिळ्यावर असते. एवढंच मागते: कुणी विनाकारण बारीक झालेला दिसला, तर कौतुक आवरा, त्याला डॉक्टरांकडे न्या.

पँट शिवून झालीय. उसवली तर जुने मास्तर मावतील, एवढं कापड तिनं आत ठेवलंय.