मॉन्स्टर लंगडायला लागला की

जिनेशला घरात तोंड उघडायचे कष्ट होत. दुकानात आप्पासोंच्या, म्हणजे वडिलांच्या, समोर तो स्टीलची ताटं पुसत मुकाट बसे. बायकोशी 'चहा', 'टॉवेल', 'चावी' एवढ्या तीन शब्दांवर त्याचा संसार चाले. पण संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं, खोलीचं दार लावलं आणि डोक्यावर हेडफोन चढवला, की हाच मुखदुर्बळ माणूस असा सुटायचा की मंगळवार पेठेतल्या भाजीवाल्यांनी हात टेकावेत.

खोलीत तो शिकार करी. कॉम्प्युटरवरची. घराएवढे सरडे, पंखवाली डुकरं, आग ओकणारी माकडं असली जनावरं चौघा शिकाऱ्यांनी मिळून लोळवायची, असा तो खेळ. नवख्यांनी ती कशी लोळवावीत, हे अस्सल कोल्हापुरीत सांगणारा जिनेशचा कार्यक्रम रोज सात ते नऊ थेट चाले. 'नवखं हाईसा? मग ऐका!' असं त्याचं नाव, आणि ऐकणारे हजारांनी. ज्या घरात पाण्यात पडलेली मुंगीसुद्धा कागदावर उचलून खिडकीबाहेर सोडतात, त्या घरातला लेक रोज दोन तास कत्तल करतो, याचा आप्पासोंना पत्ता नव्हता. पोरगा दुकानाचं काम घरी आणून करतो, याचं त्यांना कौतुकच होतं.

दीपाला, जिनेशच्या बायकोला, खेळाचं माहीत होतं, पण बोलण्याचं माहीत नव्हतं. ते तिला शेजारच्या क्रांतीने कळवलं. क्रांती इंजिनिअरिंगला होती, तिची खोली आणि जिनेशची खोली यांच्यात एकच भिंत, आणि जीभ कुठे आवरायची हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"वहिनी, आज गुरगुरला न्हाईसा?" तिने जिन्यात विचारलं आणि स्वतःच खो खो हसली. दीपाचा कोरा चेहरा बघून तिचं हसू आटलं. "म्हंजे? तुम्ही त्यांचा कार्यक्रम बघितलाच न्हाईसा व्हय? या, दाखवतो."

तिने फोनवर लावून दिलं. पडद्यावर जिनेश. डोळ्यांत चमक, हातवारे, अगदी लग्नाआधी पेठ वडगावला तिला बघायला आला होता तसा.

"टीप एक. शिकारीला जायच्या आधी पोटभर खावा. फकस्त आमच्या मंडळींच्या हातचं नगं, वाटेतच मरशीला! टीप दोन. नवा मॉन्स्टर दिसला की अंगावर धावू नगा. नुसतं बघत ऱ्हावा. प्रत्येकाची खोड असती. आमच्या घरातला मॉन्स्टर पोळपाट आपटला की वळखायचं, आता शेपूट फिरणार!"

अशा टिपा चालल्या होत्या. पाचवीला तो पुढे झुकला.

"मॉन्स्टर लंगडायला लागला म्हंजे खचला. मग त्यो गुहेत जाऊन झोपतोय. आवाज न करता जायाचं आन् झोपेतच हाणायचं. आता आमचा मॉन्स्टर बघा. गेल्या उन्हाळ्यात पंधरा दिस गुहेतनं भाईर आला न्हाय. दिवाळी हुती माझी, दिवाळी!"

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती.

गेल्या उन्हाळ्यात चौथ्या महिन्यात दीपाचं पोटातलं बाळ गेलं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस उठू नका म्हणून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी जिनेशने एक शहाळं आणून उशाशी ठेवलं, आणि मग तो त्या खोलीत फिरकला नाही. त्याला बघवत नसेल, असं दीपाने स्वतःला समजावलं होतं. बायका स्वतःला काय काय समजावतात, त्याला सीमा नाही.

त्या संध्याकाळी जेवण वाढताना तिने धीर करून विषय काढला. "अहो, तुम्ही त्या कार्यक्रमात माझ्याबद्दल... ते पंधरा दिवसांचं..."

"गंमत असतीया ती," तो ताटातून डोकं न उचलता म्हणाला. "लोकांना आवडतंय. तुला न्हाय कळायचं."

दीपाला फार काही नको होतं. त्याने एकदा तिच्याकडे बघून म्हणावं, की ते बोलायला नको होतं. बस्स. तेवढं मिळालं तर ती उरलेलं सगळं गिळायला तयार होती. आणि हा माणूस परक्यांशीच बोलतो, तर आपण परकी होऊ, असं तिने ठरवलं.

दुपारी जिनेश दुकानात आणि घर झोपेत असताना ती क्रांतीच्या खोलीत जाऊन बसायला लागली. शिकायचं कुणाकडून? नवऱ्याच्याच टिपांकडून. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण ज्ञान खरं होतं. धार बोथट झाली की लढाई सोडून आधी धार लावा. हाव धरू नका. दोन घाव घाला आणि बाजूला व्हा. चौघांत मिळून तीनदा पडलात की शिकार बुडाली, म्हणून मारण्यापेक्षा न पडणं मोठं. दीपाला यातलं काही नवीन नव्हतं. तीन वर्षं ती सासरी दुसरं काय करत होती?

फक्त मारणं तिला जमेना. जनावर लंगडायला लागलं की ती हत्यार म्यान करी, वाटेत सापळा पुरी आणि गुंगीची पुडी टाकून ते जिवंत धरी.

"अवो मारा की वहिनी!" क्रांती कपाळावर हात मारून घेई. "खोटं हाय त्ये!"

"खोटं असलं तरी हात माझाच हाय की," दीपा म्हणे.

पर्युषणाचे दहा दिवस आले. रोज संध्याकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचन असायचं. "बस्तीत जाऊन येतो," असं सासऱ्यांना सांगून दीपा बाहेर पडे, देवाला हात जोडे आणि तशीच क्रांतीच्या खोलीत शिरे. कार्यक्रमात जिनेश बघणाऱ्यांनाही शिकारीला घ्यायचा. तिथे ती 'नवखी' या नावाने उतरली. बोलायची नाही, क्रांती तिच्या वतीने चार शब्द टंकायची.

पलीकडून भिंतीतून आणि हेडफोनमधून एकदमच जिनेशचा आवाज येई. "वा, नवखी! काय सापळा लावलाय! ह्याला म्हणायचं डोकं. दमलासा का? पाणी प्या, थांबतो मी."

थांबतो मी. दीपाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तीन वर्षांत दमलीस का, हे त्याने विचारल्याचं तिला आठवेना. तिला त्या नवखीचा हेवा वाटला, इतका, की डोळ्यांत पाणी आलं.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायची, आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, असा तो दिवस. जिनेशने सकाळी बापाचे पाय धरले, दुकानातल्या गड्यांना हात जोडले. दीपा पोळ्या लाटत होती. ओट्यावरचा तिचा फोन वाजला. कमळाचं चित्र आणि खाली 'उत्तम क्षमा'. पाठवणारा दोन हातांवर चहा पीत बसला होता. तेच चित्र त्याने एकाच वेळी सव्वाशे जणांना पाठवलं होतं.

पोळपाट तिने आपटला नाही.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. आज खास क्षमावाणीचा. जिनेश एकेका शिकाऱ्याचं नाव घेऊन क्षमा मागत होता. "नवखी, परवा मी घाईनं त्यो सरडा मारून टाकला. तुमचा सापळा वाया गेला. मनापासनं क्षमा." खरोखर मनापासून. क्रांतीच्या खोलीत बसलेल्या दीपाला आवाज कळत होता.

तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, 'घरातल्या मंडळींची मागितली का?'

जिनेश हसला. "मॉन्स्टरची क्षमा कुठं मागत्यात व्हय? चला, शिकार!"

आजचं जनावर मोठं होतं. गप्पांच्या नादात जिनेशच दोनदा पडला. आता कुणीही पडलं की खेळ खलास. अखेर ते प्रचंड धूड लंगडू लागलं, फरपटत गुहेत गेलं आणि अंगाचं वेटोळं करून झोपलं. बाकीचे दोघे बाहेर थांबले. जिनेश आणि नवखी आत गेले.

"बघा, टीप पाच!" जिनेश कुजबुजला. "झोपली आमची मंडळी. आता पंधरा दिस—"

दीपाने क्रांतीच्या हातातला माइक ओढून घेतला.

"अहो," ती म्हणाली. "त्या पंधरा दिवसांत आपलं बाळ गेलतं. त्ये सांगा की लोकांना."

शब्द जिनेशच्या कानात गेले आणि भिंतीतूनही गेले. पलीकडे खुर्ची करकरली. पडद्यावरचा त्याचा शिकारी हत्यार उगारून उभाच राहिला. दीपाने एक दगड उचलून झोपल्या जनावराच्या नाकावर मारला. आयुष्यात कुणावर उचललेला तिचा पहिला दगड. जनावर उठलं, आणि एका शेपटात जिनेश तिसऱ्यांदा पडला.

ती घरी आली तेव्हा आप्पासो सोप्यात माळ ओढत बसले होते. त्यांना काही कळलं नव्हतं. आतून जिनेश आला, चेहरा पांढराफटक. हातातला फोन त्याने फळीवर डब्याला टेकवून ठेवला आणि तिच्यासमोर हात जोडले.

"दीपा, माझं चुकलं. त्ये बोलायला नगं हुतं. उत्तम क्षमा."

अगदी तिला हवं होतं तेच, शब्दाला शब्द. तिचे हात जोडायला वर आलेच होते, आणि तिला फळीवरचा फोन दिसला. त्यात ती स्वतः होती, बोटाएवढी, आणि तिच्या अंगावरून लाल बदाम वर तरंगत होते. वर कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता. नऊ हजार.

"त्ये बंद करून मागा," ती हळूच म्हणाली. "मी करतो क्षमा. आत्ता करतो. पण बंद करा."

जिनेशने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोनकडे. त्याने हात पुढे केला. फोन डब्यावरून जरा घसरला होता. त्याने तो सरळ केला.

"बोल की," तो ओठ न हलवता पुटपुटला. "लोकं थांबल्यात."

"न्हाय," दीपा म्हणाली.

आप्पासोंची माळ थांबली. त्या घरात क्षमावाणीला हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. म्हाताऱ्याने सुनेकडे असं पाहिलं, की जणू तिने देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. ती खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

बाहेरून जिनेशचा आवाज आला, आधी घोगरा, मग हळूहळू सुटत गेलेला.

"बघितलासा न्हवं दोस्तांनो? मॉन्स्टर गुहेत गेला. टीप सहा लिहून घ्या..."

दीपाने पलंगाखालची बॅग ओढली आणि साड्या भरायला घेतल्या.