सासूबाईंचं वारूळ

मी विज्ञान महाविद्यालयाची प्राचार्य झाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "आणि तुझ्या मुंग्या?" मी म्हटलं, "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. मुंग्या काय पळून जातायत!" किती तोरा होता मला.

प्रयोगशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून एक वारूळ आहे. होतं. चौदा वर्षं, दर मंगळवारी सकाळी तासभर मी त्याच्यापुढे बसले. मांडीवर वही, हातात बारीक ब्रश. मुंग्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण कुठे जातं ते लिहायचं. आतली राणी मी कधीच पाहिली नाही. पण ती मेली की वारूळ हळूहळू ओस पडतं, आणि हे तर गजबजलेलं होतं, म्हणजे ती होती. घरात तिचं नाव सासूबाई. मंगळवारी जेवताना नवरा न चुकता विचारायचा, "सासूबाई बऱ्या आहेत ना?"

खुर्चीत बसले आणि माझे मंगळवार गेले. समित्या, वेळापत्रकं, गळकं छप्पर, याची बढती, त्याचे रुसवे. प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, आमचे मामा, माझ्याऐवजी ठिपके द्यायचे, वही भरायचे. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण एक मंगळवार चुकवला नाही. ती वही वाचताना, खरं सांगते, जीव तुटायचा. शेवटचे चार महिने उरले होते. शाळकरी मुलीसारखी मी कॅलेंडरवर दिवस खोडत होते.

गेल्या मंगळवारची बैठक लवकर संपणार होती. "आज जाणार बघ," असं सकाळीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. बैठक आटोपल्याबरोबर मी मागच्या दाराने सटकले. ब्रश पर्समध्येच होता. जवळजवळ तीन वर्षं तिथेच होता.

वारुळाच्या तोंडाशी पांढरी पूड पडली होती. भोवती मेलेल्या मुंग्यांचा थर, कितीतरी पाठींवर निळा ठिपका. मामा शेजारी उकिडवे बसले होते.

"कुठल्या गाढवाने हे करायला सांगितलं?" मी ओरडलेच.

मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. संपूर्ण आवारात कीटकनाशक मारण्याचा आदेश. खाली माझी सही. आठवड्यापूर्वी सह्यांच्या गठ्ठ्यात न वाचता ठोकलेली. जन्मभर किडे शिकवले आणि ही अक्कल!

"मला सांगायचं नाही का, मामा?"

"आलो होतो की. दोन दिवस तुमच्या दाराबाहेर बाकावर बसून होतो. मॅडम मीटिंगमध्ये आहेत, म्हणाले. मग तुम्ही बाहेर आलात, मी उठलो, तर म्हणालात, 'मामा, नंतर.'"

मला ते आठवलं. त्यांच्या हातात कागद होता, तोही आठवला.

मामांनी वही पुढे केली. "आज मंगळवार आहे. लिहायला तर पाहिजे."

मी तारीख घातली. बाहेर जाणाऱ्या, शून्य. आत येणाऱ्या, शून्य. शेऱ्याच्या रकान्यात 'विषारी पूड' लिहिलं, मग ते खोडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा. आवाजात नुसता आनंद. "गेलीस का गं? सासूबाई बऱ्या आहेत ना?"

'नंतर सांगते' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि भर उन्हात, मामांच्या देखत, मी भोकाड पसरलं.