नऊपैकी आठ

साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर रसाचा एक थेंब. झाकण लावून तिने डोळा टेकवला. साखरेची रेषा अकरा पूर्णांक चारवर थांबली. हे फळ फुगवणारे संजीवक फवारलेल्या झाडाचे पीच. बिनफवारणीच्या फळाचा आकडाही जवळपास तोच, फक्त ते लिंबापेक्षा जरासे मोठे, तर हे मुठीएवढे आणि लालभडक.

"बाई, चवीचे गुण?" साहेब दारातूनच म्हणाले. "तेवढे आले की या संजीवकाची शिफारस पाठवतो. बागायतदारांनी डोकं खाल्लंय."

"दहा मिनिटं, साहेब."

"घ्या की! तुमचे गुण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

बावीस वर्षे या फळ संशोधन केंद्रात फळ चाखायचे ते तिनेच. चाखण्याआधी यंत्राकडे बघायचे नाही, हा नियमही तिचाच. तीन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. गोड कळे, आंबट कळे. पीच कळत नसे. आज येईल, उद्या येईल म्हणत ती गप्प राहिली आणि साखरेचा आकडा बघून गुण लिहू लागली. फवारलेल्या फळाला चाचणीच्या मागच्या दोन्ही हंगामांत नऊपैकी आठ.

काल उरलेली फळे तिने घरी नेली होती. नणंदेने आधी मोठे उचलले.

"वहिनी, हे काय? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" मग लहान फळ चावून ती थबकली. "आणि हे बघ! अगं, खोली भरून गेली वासाने. तुला येत नाही?"

"येतो की."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. मग तिने उरलेले अर्धे फळ वहिनीच्या हातात ठेवले.

आता केंद्रात तिने दोन्ही फळांच्या फोडी आळीपाळीने नाकाशी धरल्या. मग चाखल्या. गोड, ओलसर. बस्स.

साहेब परत आले. "झालं? यंदाही आठच ना?"

तक्त्यातला रकाना कोराच होता. तिने पेनाला टोपण लावले.

"साहेब, शिफारस थांबवा. मागच्या दोन्ही हंगामांचे माझे गुण खोडा. मला तीन वर्षं वास येत नाही. या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवा."