टोपीवरची चोच

धनेशाची पिवळी चोच बसवलेली वेताची टोपी अबूने आज मुद्दाम घातली होती. तेझपूरहून बोरा मास्तर पक्षी बघायला आले होते ना! "पाहुण्यासमोर बोडक्याने जाऊ? मेलोय का मी?" असं तो लेकीवर, याटेरवरच खेकसला.

उतार संपून खालचं दाट रान लागलं तरी याटेरची नजर त्या चोचीवरच. पाठीवर चौदा महिन्यांची यापी बांधलेली. लहानपणी याच वाटेने ती बापामागे धावायची. गचपणात तो दिसेनासा झाला की आधी चोच शोधायची. ती दिसली की रडू थांबायचं. तेव्हा अबूच्या हातात बंदूक असायची. आता चार वर्षं तो धनेशांच्या घरट्यांची राखण करत होता.

धनेशाच्या ढोलीसमोर तिघं बसली. आत मादी आणि पिल्लू. ढोलीचं तोंड लिंपलेलं, एक फट तेवढी उघडी. मादीची पिसं झडलेली. नर फळं आणेल तेव्हाच दोघांच्या पोटात काही जाणार.

दोनदा पंखांचा घरघराट आला आणि वरच्या वर निघून गेला.

"आज उपास दिसतोय," मास्तर म्हणाले.

"तुमच्या नव्या चष्म्याला लाजतोय तो!" अबू हसला.

याटेरला हसू येईना. यापी कुरकुरली, तशी तिने तिला छातीशी घेतलं. आतलं पिल्लू सकाळपासून उपाशी होतं.

तिसऱ्यांदा नर समोरच्या फांदीवर टेकला. मान वाकडी करून अबूच्या डोक्याकडे बघत राहिला, आणि उडाला.

"अबू, टोपी काढ."

"काय?"

"त्याच्याच जातीचं मुंडकं मिरवतोयस त्याच्यासमोर. रोज घालून येतोस का?"

न्यिशी जमातीत टोपी म्हणजे पुरुषाचा मान; बापाला ती काढ म्हणायचं, तेही पाहुण्यादेखत! अबूने टोपीची गाठ सोडली. टोपी अडकवायचा, कपाळावर बांधलेला एके काळचा जाड अंबाडा सुपारीएवढा उरला होता. टोपी याटेरने यापीच्या झोळीत दडवली.

नर आला. फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं. एकेक अंजीर आत गेलं. मास्तर अंजिरं मोजायचंच विसरले.

परतीच्या चढणीवर अबू पुढे होता. वळणावर तो दिसेनासा झाला आणि याटेरची नजर सवयीने चोच शोधू लागली. चोच तिच्याच पाठीवर, झोळीत होती.

"अबू!"

"इथेच आहे गं," झाडीतून आवाज आला. "रडू नकोस."