कुत्रा पोहत असताना मी काय वाजवले

मित्रांनो, मी एक पियानो आहे आणि माझे सगळे दात पिवळे पडले आहेत, यावरून वयाचा अंदाज घ्या. लंडनच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे यॉर्कशायरच्या एका बंदरातल्या प्रार्थनामंदिरात मी अंत्यविधींना वाजत असे. माझ्या साथीने गेलेल्यांपैकी कुणीही कधी तक्रार केली नाही.

मग गावात मूकपटांचे थिएटर आले आणि मला पडद्याखाली बसवले. मला वाजवणाऱ्या मिसेस टॉर्डॉफ पडद्याकडे बघत सूर निवडत. लग्न असले की उडते, मरण असले की संथ.

एकदा खेळाआधी आमच्याच गावचे कादंबरीकार मिस्टर थ्वेट माझ्यावर कोपर टेकून उभे राहिले. त्यांच्या कादंबरीत नायिका समुद्रात बुडते. तिच्यावरून काढलेल्या त्या दिवसाच्या चित्रपटात मात्र नायिकेला कुत्रा वाचवतो आणि तिचे लग्न होते.

"बाई, बाहेर पाटीवर माझं नाव आहे. तो कुत्रा मीच लिहिला, असं उद्या अख्खं गाव म्हणेल. शेवटी रडकं वाजवाल का?"

"अहो साहेब, कुत्रा पोहतोय. त्याला रडकं कसं वाजवू?"

"त्याला थोडंच ऐकू येतंय!"

बाईंना हे पटले. कुत्र्याने उडी मारताच आम्ही दफनाच्या वेळचे सूर काढले. कुत्रा एकदम विचारी दिसू लागला. लग्नाचा प्रसंग आला तशा पुढच्या रांगेतल्या मासळीवाल्या ॲग्नेसबाई उठल्याच.

"अगं पोरी, नको करूस! तोंड बघ मेल्याचं!"

"त्यापेक्षा कुत्रा बरा होता गं," शेजारीण मुसमुसली.

वराने अंगठी घातली आणि सारे थिएटर हुंदके देऊ लागले. बाहेर पडताना लोक मिस्टर थ्वेट यांचे हात धरून सांत्वन करत होते. इतका आनंदी माणूस मी पाहिलेला नाही.

पुढे बोलपट आले, तेही स्वतःचे संगीत घेऊन. मला कोळशाच्या खोलीत ढकलले. तिथे उंदरांनी माझ्या पोटातल्या, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरची लोकर खाल्ली. शेवटी मिस्टर थ्वेट यांनीच मला घरी नेले. त्यांना वाजवता येत नाही. कादंबरी संपत आली की ते माझी सर्वांत खालच्या सुराची पट्टी दाबतात. ती भेसूर घुमली, तर नायिकेने बुडायचे. पण लोकर गेल्यापासून ती नुसती 'टुक' करते. गेल्या दोन्ही नायिका सुखाने नांदत आहेत.

मित्रांनो, जुन्या वाद्यांची निगा राखा, असे मी सांगणारच होतो. पण मेजावरच्या नव्या कादंबरीत एक बिचारी परिचारिका धक्क्याच्या टोकाला उभी आहे. तेव्हा माझी दुरुस्ती तेवढी तिचे लग्न होईपर्यंत थांबवा.